तुटणारा दोरा

महालिंगप्पा : जाड दाखवला, त्याच्याहून जाड दाखवला, तरी तुमी मान हलवायलाव. गळाचा दोरा घ्यायला आलेला माणूस एकच इचारतो भाबी, तुटणार न्हाय न्हवं? तुमाला पायजे तरी काय?

नसीमबी : तुटणारा पायजे, अप्पा.

महालिंगप्पा : काय म्हणला?

नसीमबी : बारका मासा लागला तर टिकावा. मोठा लागला तर तुटावा. असा असंल तर द्या.

महालिंगप्पा : पंचवीस वर्सं झाली, ह्या नळदुर्गच्या बाजारात दावी, सुतळ्या, दोरे इकायलो. तुटणारं कुणी मागितलं न्हाय. चाँदपाशासाठीच न्यायलाव न्हवं? त्यांना लकवा मारून दोन वर्सं होत आली. अजून नदीवर नेता त्यांना?

नसीमबी : रोज नेते. उजवा हात, उजवा पाय गेला, जबान गेली. नजर तेवढी राहिली. ती बी सकाळ झाली की कोपऱ्यातल्या काठीवरच लागती.

महालिंगप्पा : काय माणूस होता. तुळजापूरच्या कचेरीपुढं बसायचे. माझ्या बापाच्या इनामाचा अर्ज त्यांच्याच हातचा. उर्दू असं लिवायचे की साहेब आधी अक्षर बघायचा, मग मजकूर. पुढं राज्य बदललं, कागद मराठीत व्हायला लागले...

नसीमबी : दोन वर्सं तरी जात राहिले. अडाणी मानसं यायची, त्यांनाच सांगून परत पाठवायचे, की आता उर्दू चालत न्हाय बाबा, पलीकडच्या झाडाखाली जा. मग एक दिवस कलमदान पेटीत ठेवलं आन काठी घेऊन बोरी नदीवर गेले. मासे काय लई आणायचे न्हाईत. पर घरी आले की बोलायचे. कुठला मासा कसा आला, कसा गेला, तासभर सांगायचे. म्या भाकरी थापत ऐकायचे.

महालिंगप्पा : ते खरं. पर आता अशा हालतीत नदी म्हंजे... तुमचा हैदर काय म्हणतो?

नसीमबी : हैदर सोलापुरात गिरणीत. त्यानंच तर नायलॉनचा दोरा धाडला. चिठ्ठी पोस्टमनकडनं वाचून घेतली. लिवलं होतं, अम्मा, ह्याला बैल बांधला तरी तुटायचा न्हाय.

महालिंगप्पा : मग बरंच हाय की.

नसीमबी : काय बरं, अप्पा. मागल्या बेस्तरवारी त्याच दोऱ्यानं त्यांना पाण्यात नेलं.

महालिंगप्पा : बसा. आधी बसा तुमी. नीट सांगा.

नसीमबी : किल्ल्याच्या बंधाऱ्याखाली एक सपाट दगड हाय, तिथं बसवते. काठी डाव्या हातात देते. दोऱ्याचं मागलं टोक ते उजव्या हाताला गुंडाळून घेतेत. त्या हाताची मूठ मिटती, उघडत न्हाय. काहीच कामाचा उरला न्हाय तर तोच हात त्यांनी रिळासारखा करून घेतलाय. त्या दिशी डबा धुवायला म्हणून म्या वळले. तेवढीच पाठ फिरवली. पाण्याचा आवाज आला आन बघते तर दगडावर कुणी न्हाय.

महालिंगप्पा : अरं देवा.

नसीमबी : सिदू भोई पलीकडं जाळं वाळवत होता. त्यानं उडी घातली. गळाला मरळ होती. सिदू म्हणतो लई मोठी बी न्हवती. पर एका अंगानं बसलेल्या मानसाला कलंडायला किती लागतंय? मूठ उघडली असती तर दोरा सोडला असता त्यांनी. उघडलीच न्हाय. पाण्याखाली गेले तरी मासा हातातच होता.

महालिंगप्पा : मग भाबी, बंद करा. काठी मोडा आन चुलीत घाला. शहाण्याचं तेच काम.

नसीमबी : हिवाळ्यात बंद केलं होतं. काठी माळ्यावर टाकली. भित्तीकडं तोंड करून निजले ते. आठ दिवस. चमचा ओठाला लावला तर ओठ उघडले न्हाईत. हकीम आला, नाडी बघितली, म्हणला बीमारी वाढली न्हाय, मन बसलंय. नवव्या दिवशी म्याच काठी खाली काढली. आता सांगा, काय बंद करू?

महालिंगप्पा : थांबा. हे बगा, ह्यो सुती दोरा. ओला झाला की फुगतो, जड व्हतो, आन माशाला लांबनं दिसतो. ह्यो न्हाय कामाचा. ही रेशमी दोरी, रोज वाळवली न्हाय तर कुजती. कवा कुजली ते कळत न्हाय, कवा तुटंल ते बी कळत न्हाय. राहिला नायलॉन. मुंबईवाले तंगूस म्हणतेत. ह्यो सगळ्यात बारीक. उजेडात धरा म्हंजे दिसंल.

नसीमबी : केसासारखा हाय.

महालिंगप्पा : बोटाएवढी मासळी ह्याच्यावर चांगली लागती. तिला दोरा दिसतच न्हाय, आन आमिष हलकं हलकं खाली जातंय. मोठ्याचं म्हणाल तर तराजूला बांधून बघू. नवी किलोची वजनं सरकारनं दिलीत, ती तरी कामाला येऊ देत. हे बगा, एक किलो. टिकला. दोन. टिकला. आता वर अर्धा ठिवतो.

नसीमबी : तुटला.

महालिंगप्पा : अडीचाला तुटला. ये सिदू, ये. आत्ताच तुझं नाव निघालं.

सिदू : जाळं सांधायला सूत द्या, अप्पा. भाबी, पाशामियाँचा हात कसा हाय? दोऱ्यानं लई कापलं होतं.

नसीमबी : हळद भरली. भरून यायला लागलंय. सिदू, ह्यो दोरा बघ जरा. अडीच किलोला तुटतो म्हणतेत. तुझ्या मरळीला तुटला असता का?

सिदू : टांगलेलं वजन निराळं, मासा निराळा. मासा झटका देतो. झटक्याला ह्यो अर्ध्यावरच जाईल. गाठीपाशी त्याच्या बी आधी. त्या मरळीला न्हाय टिकला असता.

नसीमबी : मग ह्योच द्या, अप्पा.

सिदू : पर भाबी, एक बोलू का? हातात घेतल्या घेतल्या वळखतील ते. वीस वर्सं मासे मारून म्या जे शिकलो न्हाय, ते पाशामियाँ चार वर्सांत शिकले. हैदरचा जाड दोरा काढून हे केसासारखं हाताला गुंडाळायला दिलं, तर मासा लागायच्या आधीच त्यांना कळंल की तुमी काय केलं.

नसीमबी : मग मी काय करू? तूच सांग.

सिदू : जाड दोरा तसाच राहू द्या. हातात तोच, काठीला तोच. गळ तुमीच बांधता न्हवं? गळाच्या वर हातभर तेवढा बारीक तुकडा जोडा. पाण्याच्या खाली असतोय, दिसायचा न्हाय. मोठा मासा आला की तुकडा तुटंल आन मासा गळ घिऊन जाईल. मानूस दगडावर राहील.

महालिंगप्पा : अक्कल हाय रं तुला.

नसीमबी : धोका द्यायचा त्यांना?

सिदू : धोका म्हणा, दुसरं काही म्हणा. म्या रोज तिथं असतोच असं न्हाय, भाबी.

महालिंगप्पा : किती तुकडे कापू?

नसीमबी : पाच. न्हाय, दहा द्या.

सिदू : नायलॉनची गाठ कोरडी आवळू नका, घसरती. थुंकी लावा, मग हळू ओढा. असं. आता तुमी बांधा. पुन्हा एकदा. हां, जमलं.

नसीमबी : लगीन होऊन बत्तीस वर्सं झाली, अप्पा. त्यांच्यापासून काही लपवलं न्हाय. लपवायचं म्हणलं तरी लपत न्हवतं, चेहरा बघूनच इचारायचे. आता इचारू शकत न्हाईत म्हणून लपंल. त्याचंच वाईट वाटायलंय.

(बावीस दिवसांनी. तेच दुकान, दुपारची वेळ, सिदू नाही.)

महालिंगप्पा : या भाबी. मी रोज वाट बघत होतो. सिदूला इचारलं तर म्हणला, आता ते बंधाऱ्याखाली बसत न्हाईत, पार खालच्या अंगाला बसतेत. तुकडे संपले का?

नसीमबी : सात उरलेत.

महालिंगप्पा : म्हंजे तीनदा तुटला. बगा, तीनदा वाचले ते.

नसीमबी : व्हय, वाचले. पहिले आठ दिवस तर लई चांगले गेले. बारकी मासळी लागायची, पाच-सहा रोज. डब्यात टाकताना त्यांच्या डोळ्यात उजेड यायचा. रात्री भाकरी बी पोटभर खाल्ली. मला वाटलं, अल्लानं ऐकलं. मग एक मोठा आला. दोऱ्याला बांधलेलं पाण्यावरचं पीस सरळ खाली गेलं, काठी वाकली, ते पुढं झुकले. म्या मागनं सदरा धरला. तेवढ्यात तुटला. म्या मनात अल्लाचा शुक्र मानला. ते पाण्याकडंच बघत बसले.

महालिंगप्पा : त्यांना संशय आला?

नसीमबी : तवा न्हाय. म्या दुसरा तुकडा बांधला. तीन दिवसांनी पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तुटला तवा मला बांधू दिलं न्हाय. डाव्या हातानं दोरा हळूहळू ओढून घेतला, पार टोकापर्यंत. टोकाला माझी गाठ होती. अंगठ्यानं ती गाठ चाचपत राहिले. जाड दोरा कुठं संपतो आन बारीक कुठं लागतो, तिथंच अंगठा थांबला. मग माझ्याकडं बघितलं.

महालिंगप्पा : रागावले?

नसीमबी : रागावले असते तर बरं झालं असतं. काठी फेकली असती तर उचलून आणली असती म्या. नुसतं बघितलं. म्या सगळं सांगून टाकलं. तुमचं नाव घेतलं न्हाय, सिदूचं घेतलं न्हाय. म्हणलं, मी केलं. तुमी पाण्यात गेला त्या दिवसापासून मला नीज न्हाय. मोठा मासा गेलेला चालंल, तुमी गेलेले चालणार न्हाय.

महालिंगप्पा : ऐकून घेतलं?

नसीमबी : ऐकलं. मग मांडीवर उजवा हात घेतला आन डाव्या हातानं त्याची बोटं उघडायला लागले. एक-एक. म्या मदतीला गेले तर कोपरानं बाजूला सारलं. लई येळ लागला, अप्पा. कपाळाला घाम आला. दोरा सुटला तसा सगळा काठीला गुंडाळला, आन काठी माझ्या मांडीवर ठेवली.

महालिंगप्पा : म्हंजे सोडलं त्यांनी.

नसीमबी : मला बी तसंच वाटलं. घरी आले, पुन्हा भित्तीकडं तोंड करतील म्हणून म्या रातभर बसून राहिले. पर सकाळी त्यांनी दाराकडं बोट केलं. नेलं. खालच्या अंगाला पाणी कमी हाय, तिकडं बसले. काठी हातात घेतली न्हाय. मलाच दिली.

महालिंगप्पा : तुमाला? तुमी कवा गळ टाकला होता?

नसीमबी : कवाच न्हाय. धुणं धुणाऱ्या बाया हसतेत, हसू देत. सिदूच्या बायकोनं गांडूळ लावायला शिकवलं. ते बाजूला बसून बघतेत. म्हणून आले. मला एक दोरा पायजे.

महालिंगप्पा : ह्योच केसासारखा देऊ?

नसीमबी : न्हाय. तुटणारा नको आता. माझा हात उघडतोय.

महालिंगप्पा : मग ह्यो मधला घ्या. फार जाड न्हाय, फार बारीक न्हाय, नव्या मानसाला बरा. आन मासे लागतेत का?

नसीमबी : एक बी न्हाय. आज नऊ दिवस झाले.

महालिंगप्पा : नवं काम हाय. येईल हळूहळू.

नसीमबी : तसं न्हाय, अप्पा. पीस हललं की ते 'हं' म्हणतेत. दोन वर्सांत पहिल्यांदा आवाज फुटलाय त्यांना, एवढाच. कधी बारीक म्हणतेत, कधी लांब म्हणतेत. एक 'ओढ' असंल, एक 'थांब' असंल. कुठला कुठला ते मला समजत न्हाय. म्या ओढलं तरी डोळे मिटून घेतेत, न्हाय ओढलं तरी मिटून घेतेत.

महालिंगप्पा : पाटी द्या की हातात. डाव्या हातानं लिवतील. एवढे अर्ज लिवलेला मानूस हाय.

नसीमबी : दिली होती. रेघा आल्या नुसत्या. त्यातली एक रेघ फिरून फिरून तशीच काढली, माझ्यापुढं धरली. अक्षर होतं का रेघच होती, मला कसं कळणार? सगळ्या तालुक्याचे अर्ज लिवले त्यांनी. मला वाचायला शिकवायचं राहून गेलं. त्यांना बी वाटलं न्हाय, मला बी वाटलं न्हाय.

महालिंगप्पा : ती पाटी आणा. मला मोडी येती, उर्दू न्हाय येत. मशिदीत मौलवीसाहेबांना दाखवू.

नसीमबी : पदरानं पुसली गेली, अप्पा. घाईत उचलून ठेवताना.

महालिंगप्पा : किती हात दोरा कापू?

नसीमबी : काठीला पुरंल तेवढा बांधून द्या. येळ व्हायलाय.

महालिंगप्पा : ह्या उन्हात जाणार?

नसीमबी : जायला पायजे. टोपी घालून दारात बसलेत सकाळपासून.