शेवटची गाडी दिसेपर्यंत

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, गोल चौकाजवळच्या आइस्क्रीमच्या रांगेत माझ्यापुढं दोन आजीबाई बोलत होत्या.

"लोर्ना, तुझा नवरा अजून चौकातच घिरट्या घालतोय गं?"

"जुन्या गाड्यांच्या सहलीचा म्होरक्या ना तो! शेवटची गाडी दिसल्याशिवाय चौक सोडायचा नाही, हा त्याचाच नियम."

"मग दिसली नाही?"

"दिसली की, थेट त्याच्या पुढ्यात! पण आपल्यातली एकही गाडी चौकात मागं सोडून जायचं नाही, हाही त्याचाच नियम."

"अगं बाई! म्हणजे सगळी वरात गोल गोल? शेवटची गाडी चालवतंय कोण?"

"मीच चालवत होते. कंटाळले, बाहेर पडले आणि दुकानामागं लावली."

"मग सुटला की बिचारा!"

"कसा सुटेल, आर्डिस? आता मला शोधतोय."

"अगं, हाक मार त्याला!"

"मारते की. चाळीस वर्षं त्याच्या मागं धूर खाल्लाय, आधी आइस्क्रीम खाऊ दे."