पितळ नको, काशाचं दाखव

(जळगाव. लग्नाच्या बँडची वाद्यं विकायचं आणि दुरुस्त करायचं लहानसं दुकान. दुपार. काउंटरमागे दुकान चालवणारी जैनब, समोर गिऱ्हाईक सुगंधाबाई. त्यांचे यजमान योगराज दाराशी स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून बसलेले.)

सुगंधाबाई : नही पोरी, हे नको. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पडल्यासारखं वाजतंय.

जैनब : अक्का, ड्रमच्या झांजांचा पूर्ण सेट आहे. हायहॅटची जोडी, क्रॅश, राईड, सगळं आलं. नवं कोरं. बहुतेक लोक हेच नेतात.

सुगंधाबाई : नेऊ दे. चमक भारी शे, पण आवाज कुठंय?

जैनब : खरं सांगू? नाहीच. पितळेचा पत्रा आहे, मशीनवर दाबून काढलेला. पण आलेल्या माणसाला मी आधी हेच दाखवते. दहातले नऊ जण बघूनच खूश होतात, वाजवून कोण बघतो! तुम्ही पहिल्या टोल्यातच पकडलंत. वाजवणार कोण, तुम्हीच का?

सुगंधाबाई : मी? अगं, मी भाकरी थापते, तेवढाच माझा ताल. ते दाराशी बसलेत ना, ते. आमचे मालक, योगराज. आम्ही दोंडाईच्याचे. तिथल्या मार्केट यार्डात हे मापाडी होते, मिरचीची पोती तोलायचे. आणि लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रात ड्रम. वीस-बावीस वर्षं वाजवलं.

जैनब : या ना आबा, आत या. पंख्याखाली बसा.

योगराज : नको.

सुगंधाबाई : काबर नको? गाडीत बी नको, रिक्षात बी नको. मनावर घेऊ नको हं पोरी. दोन वर्षांमागं लकवा झाला त्यांना. उजवी बाजू. बोलणं तर पार गेलं होतं. आता येतं, पण एकेक शब्द वेचून. त्यात हा 'नको' तेवढा सगळ्यात आधी परत आला.

जैनब : आबा, अक्का चुगली करताहेत तुमची.

योगराज : करू... दे.

जैनब : हात कितपत चालतो?

सुगंधाबाई : डावा चांगला. उजवा खांद्यापर्यंत जातो, पण पकड नाही. शिरपूरला व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या रबरी चेंडू दाबायला देतात, तर हे चेंडू तसाच धरून बसतात. त्या म्हणाल्या, अक्का, ह्यांना आवडीचं काहीतरी हातात द्या. मला काही सुचेना. मग एक दिवस जेवताना बघितलं, तर ह्यांचा डावा हात ताटाच्या काठावर चाललेला. टक टक टक टक. भाजी गार झाली तरी चाललेला. तेव्हा ठरवलं, झांजा आणायच्या. ड्रम आहेत घरी, चादरीखाली. झांजा तेवढ्या नाहीत.

जैनब : मग हा सेट आपण आत ठेवून देऊ. किती खर्च करायचा मनात आहे ते मला सांगू नका, मी सांगते ते ऐका. कमी पैशात खरा आवाज हवा ना? मग वापरलेलं घ्यायचं, पण काशाचं घ्यायचं. चार खोट्या थाळ्यांपेक्षा तीन खऱ्या. आधी हायहॅटची जोडी, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या, पायानं उघडझाप करायच्या दोन थाळ्या, कारण गाणं कुठलंही असो, सगळ्यात जास्त तीच वाजते. मग एक क्रॅश, मधेच झणकन वाजवायची एकटी थाळी. राईडचं, त्या चौथ्या थाळीचं, पुढच्या वर्षी बघू.

सुगंधाबाई : वापरलेलं म्हणजे फुटकं-तुटकं निघालं तर?

जैनब : तपासून घ्यायचं. हे बघा, कडेवरून असं नख फिरवायचं. केसाएवढी चीर असली तरी नखाला लागते. आणि हे मधलं भोक. स्टँडवर घासून घासून लांबट झालं असेल तर सोडून द्यायचं. गोल हवं. फिरवा तुम्ही नख.

सुगंधाबाई : हं. गुळगुळीत शे.

जैनब : अशा तीन जोड्या आहेत माझ्याकडे. तिन्ही बँडवाल्यांनी विकलेल्या. वाजवू?

सुगंधाबाई : थांब जरा. मी तुझ्याकडे पाठ करते.

जैनब : पाठ कशाला?

सुगंधाबाई : मी ह्यांचं वाजवणं कधी बघितलंच नाही. ऑर्केस्ट्रात बायामाणसं कुठं न्यायचे. हे मागच्या खोलीत सराव करायचे आणि मी चुलीपाशी. मला कानानंच माहीत आहे. हं, वाजव आता.

जैनब : ही पहिली.

सुगंधाबाई : ही फार किरकिरी. 'त्सीं' करून मागं लागते, सोडतच नाही.

जैनब : ही दुसरी.

सुगंधाबाई : ही मुकी. घोंगडी पांघरून वाजवल्यासारखी.

जैनब : आणि ही.

योगराज : ही.

सुगंधाबाई : हीच! परत वाजव. जरा दाबून. ऐक, कशी 'च्छ' म्हणते आणि गप होते! पुढच्या ठोक्याला जागा ठेवते.

जैनब : दोघं एकदमच बोललात. आबा, तुम्ही रस्त्याकडे तोंड करून ऐकत होतात होय?

सुगंधाबाई : अहो, खरंच ऐकत होते?

योगराज : तुला... कळतं?

सुगंधाबाई : न कळायला काय झालं! वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय. कधी मनापासून वाजवताय आणि कधी घरातल्या कटकटीवर राग काढताय, तेवढंसुद्धा कळायचं.

योगराज : ओरडायची... की. बंद करा... म्हणून.

सुगंधाबाई : ओरडायचेच. पोरं झोपलेली असायची. ओरडले म्हणून काय कान बंद केले होते?

जैनब : अक्का, एक विचारू? एवढा पाठ आवाज, म्हणजे तुमच्याकडे अशीच जोडी असणार. ती कुठं गेली? ती असती तर खर्चच वाचला असता.

सुगंधाबाई : ही जोडी बाजूला काढून ठेव तू.

जैनब : राहू द्या. उगाच विचारलं.

सुगंधाबाई : नही, विचारलंस ते बरं केलंस. मीच घालवली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ह्यांची खाट मागच्या खोलीत टाकली, ड्रमच्या समोरच. हे दिवसभर झांजांकडे बघायचे आणि डोळ्यातून पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, माणूस आतून झुरतोय. ज्याला हात लावता येत नाही ते डोळ्यासमोर कशाला? एक दिवस दारावर भंगारवाला आला. बठ्ठ्या, एकूण एक झांजा काढल्या आणि दिल्या त्याला. किलोवर. जन्मभर काट्याशी उभं राहिलेल्या माणसाच्या झांजा मी भंगारात तोलून दिल्या. त्या दिवसापासून ह्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

योगराज : रडत... नव्हतो.

सुगंधाबाई : काय म्हणालात?

योगराज : तेव्हा. रडत नव्हतो. डोळा. हा, उजवा. मिटत... नव्हता. आपोआप... गळायचा.

सुगंधाबाई : मग तासन्‌तास तिकडे बघायचे काबर?

योगराज : वाजवत... होतो.

सुगंधाबाई : पडल्या पडल्या?

योगराज : डोक्यात. बठ्ठी... गाणी. पहिल्यापासून. विसरतो का... बघत होतो.

जैनब : या अल्ला.

सुगंधाबाई : अहो, मग सांगायचं ना! मला नुसती खूण जरी केली असती...

योगराज : कशी?

सुगंधाबाई : हो. कशी करणार. मीच वेडी. आणि झांजा गेल्या त्या दिवशी? मला किती शिव्या घातल्या असतील मनात.

योगराज : नाही.

सुगंधाबाई : खोटं नका बोलू.

योगराज : तू... अंघोळ घालायची. घास... भरवायची. रात्री... कूस बदलायची. झांजा... काय.

सुगंधाबाई : (पदरानं डोळे पुसते.)

योगराज : रडू... नको. तुझा डोळा... मिटतो.

सुगंधाबाई : बघ ना पोरी, दोन वर्षांत एवढं बोलले नाहीत, आणि बोलले तर हे!

जैनब : पाणी घ्या अक्का. आबा, तुम्ही पण या आत. आता नको म्हणालात तर मी ऐकणार नाही. हात देऊ? ह्या बाजूनं. पायरी आहे हं. बसा. हा दुकानाचा ड्रम, जरा खिळखिळा आहे, पण चालेल. आता मला सांगा, उजवा पाय?

योगराज : जड.

जैनब : मग उजव्या पायाला सुट्टी. मोठ्या ड्रमचं पेडल डाव्या पायाखाली घेऊ. हायहॅटला पाय मिळणार नाही, म्हणून ती जोडी स्क्रूनं कसून अर्धी बंद ठेवू. तशीच राहील. अक्कांनी निवडलेली जोडी नेमकी दाबूनच छान वाजते, हे बरंच झालं. ती डाव्या हातानं वाजवा. राहिला उजवा हात. त्याला आपण क्रॅश देऊ.

योगराज : पकड... नाही.

जैनब : सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळते ड्रमच्या काडीला. हे दुकान माझ्या अब्बूंचं. शेवटी शेवटी त्यांच्या बोटांना कंप सुटला होता, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीच्या हातोडीला मी अशीच गुंडाळून द्यायचे. धरा. कशी वाटते?

योगराज : राहते.

जैनब : हा क्रॅश घ्या आधी. जाड आहे, टिकाऊ. मारा.

योगराज : (काडी मारतो.)

सुगंधाबाई : वाजला का? मला तर नुसतं 'टक्' ऐकू आलं.

जैनब : जाड थाळीला हाताचा जोर लागतो. थांबा, हा बघा. वजनानं हलका, पातळ. बोटानं टिचकी मारली तरी आवाज खुलतो. स्टेजवर हाणामारी करणारे ड्रमर हा घेत नाहीत, चार महिन्यांत चिरतो म्हणतात. म्हणून तर स्वस्तात पडून आहे. आबा, हात वर न्यायचा आणि नुसता सोडायचा. मारायचं नाही. सोडायचा.

योगराज : पडेल... काडी.

सुगंधाबाई : पडू दे. मी उचलते.

योगराज : (हात वर नेऊन सोडतो.)

सुगंधाबाई : बाई गं!

जैनब : बोलू नका अक्का, पूर्ण विरू दे. अजून आहे. अजून आहे. हं. आता संपला.

योगराज : मी... वाजवला?

जैनब : तुम्हीच. उजव्या हातानं.

सुगंधाबाई : परत एकदा. अहो, परत एकदा सोडा हात.

योगराज : (पुन्हा हात सोडतो.)

सुगंधाबाई : घरी असाच रोज. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. शेजारचे ओरडले तर मी बघून घेईन.

जैनब : पातळ आहे हं अक्का, ते आधीच सांगते. पुढं हातात जोर आला आणि आबांनी दणकून हाणला तर फुटेल.

सुगंधाबाई : फुटू दे की! ज्या दिवशी ह्यांच्या उजव्या हातानं तो फुटेल, त्या दिवशी पेढे घेऊन येते तुझ्या दुकानात. नवीन न्यायला.

योगराज : हिचं... ऐकू नको. फुकट... मागेल.

जैनब : आबा, तुम्ही तर थट्टा करायला लागलात!

सुगंधाबाई : पोरी, तुझे उपकार कसे फेडू? तो चमचमता सेट गळ्यात मारला असतास तरी आम्हाला काय कळणार होतं?

जैनब : तुम्हाला कळलं असतं. आणि उपकाराचं म्हणाल तर, अब्बू गेल्यापासून मी एकटी बसते इथं. आलेला माणूस पायरीवरूनच विचारतो, दुकानात कोणी जाणकार नाही का? मी दोन गोष्टी सांगायला गेले, तर मोबाइलमधला व्हिडिओ काढून मलाच शिकवतात. आज तुम्ही पाठ करून उभ्या राहिलात आणि माझ्या तिन्ही जोड्या जशा आहेत तशा सांगितल्यात. अब्बू असते तर त्यांनी तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नसतं. मी पण नाही सोडणार. सांगितलाय समोर.

योगराज : साखर... कमी.

सुगंधाबाई : ह्यांच्यासाठी कमी. माझ्या चहात होऊ दे.

जैनब : तोवर पावती करते. हायहॅटची जोडी, एक क्रॅश. पट्टी माझ्याकडून. घरी नेऊन आठ दिवस वाजवा, नाही पटलं तर बदलून देईन. नाव काय घालू? आबांचंच ना?

सुगंधाबाई : हो, त्यांचंच घाल. योगराज...

योगराज : तिचं.

जैनब : काय म्हणालात आबा?

योगराज : तिचं... नाव. सुगंधा... बाई.

सुगंधाबाई : माझं? अहो, मला कुठं वाजवता येतं?

योगराज : ऐकता... येतं.