ट्रम्पेट कुणाचंय?

हसू नका, पण सांगतो. आमच्या रॉक बँडचं पहिलं गाणं ऑनलाइन आलं, स्का म्हणजे जमैकाकडच्या उड्या मारायला लावणाऱ्या ठेक्यावरचं. त्यात ट्रम्पेट वाजवलं मुकुंदवाडीच्या रफिकचाचांनी. ते वरातीत वाजवतात. गाण्याखाली लोकांनी लिहिलं, "बाकी ठीक, पण ट्रम्पेट लई कडक! कुणाचंय?" वरातीतला बँडवाला म्हणायची मला लाज वाटली. मी लिहिलं, "बाहेरचा आर्टिस्ट आहे."

परवा क्रांती चौकात वरातीत अडकलो, तर चाचांचा बँड आमचंच गाणं वाजवत होता आणि वऱ्हाडी नाचत होते. मला बघताच चाचांनी बँड थांबवला आणि माईकवर ओरडले, "ये गाना इनका है!"

नवरदेवानं घोड्यावरूनच मला विचारलं, "मूळ गाण्यात ट्रम्पेट कुणी वाजवलं हो?"

मी तोंड उघडायच्या आत चाचाच म्हणाले, "बाहर का आर्टिस्ट था." आणि ट्रम्पेट ओठाला लावलं.