जयवंतरावाला रोज फोन कुणाचा येतो?

...आन् वर मलाच म्हणतो, "म्हस्कू, तुला रं काय करायचंय कुणाचा फोन हाय ते?"

आता तुमाला सांगतो, जयवंतराव म्हंजे आमच्या कळस गावचाच, माझ्याच वर्गातला. बारामती डेपोत ड्रायवरकी करून रिटायर झाला, मग पोरानं कॅनडाला नेला. पण तितल्या थंडीत गुडघं धरत्यात, म्हणून दिवाळी झाली की हिकडं पळून येतो, ते पार उन्हं तापंस्तवर आमच्यातच. बरं, ये की बाबा, आमी काय नको म्हणतोय? पण रोज सांजच्याला फाट्यावर चहा घेताना ह्येचा फोन वाजतो, आन् हा लांब उसाच्या कडंला जाऊन हिंदीत बोलतो, हसतो... असा हसतो, की माझ्यापाशी कधी हसला न्हाय. कोण हाय तितं?

बायको म्हणली, "असंल कोणतरी. तुमी चहा प्या." पण कोण? ह्या वयात बाई? ह्येला तर धड उकिडवं बसाया येईना...

परवा हा न्हाव्याकडं बसलेला, तोंडाला साबण, तेवढ्यात फोन. म्हणला, "उचल, सांग मागनं बोलतो." मी उचलला, तर व्हिडिओचा फोन; आत पगडीवाला म्हातारा, मागं खिडकीत पांढराधोप बर्फ.

"आप म्हस्कूजी? भैंस के पीछे नहर में गिरे थे, वही ना?"

मी गारच. म्हणलं, "आपको किसने बताया?"

"जयवंत ने. गर्मी भर पार्क में बैठके आपकी ही बातें करता है." मग फोनाजवळ तोंड आणून म्हणला, "वहाँ मेरी बात करता है?"

तुमाला सांगतो, इतकं हिवाळं झालं, ह्या बाबानं त्येचं नावसुदिक काढलं न्हाय. पण म्हाताऱ्याचं तोंड बघून खरं बोलवंना. म्हणलं, "रोज करता हाय. दुसरा विषयच न्हाय उसको."

म्हातारा चष्मा पुसाया लागला. म्हणला, "बर्फ पिघले तो भेज देना जी. यहाँ अकेला बैठता हूँ."

फोन ठिवला आन् जयवंताला इचारलं, "का रं, सांगितलं का न्हाईस?"

साबण पुसत म्हणला, "त्येचं नाव काढलं की तू तोंड फुगवणार. मग हितं येऊन मी बसू कुणापाशी?"

"आन् पोरगा? त्यो न्हाय बसत व्हय तुझ्यापाशी?"

"बसतो की. रविवारी."

आता काय भांडायचं, सांगा. हिवाळा माझा, उन्हाळा त्या सरदारजीचा... पोरापरास आमच्याच वाट्याला जास्त आलाय म्हणायचं.