रहाडीतून वर यायची तालीम

श्यामला : हलू नका म्हणते ना! पुरचुंडी गरम आहे. इथं दुखतं?

चिंतामण : तिथं नाही, वर. जरा डावीकडे... आई गं! तिथंच!

श्यामला : इथं, तिथं, वर, डावीकडे. न दुखणारी जागा कुठली उरलीय तेवढं सांगा, म्हणजे तिथं शेकत बसत नाही.

निसार : वहिनी, येऊ का? आमचे पैलवान आहेत का घरात?

श्यामला : या, निसारभावजी. पैलवान पालथे पडलेत. बसा त्या खुर्चीवर. आणि जरा हळू बोला, मागच्या खोलीत आबांचा डोळा लागलाय.

निसार : या अल्ला! अरे चिंतामण, काल कचेरीतून निघालास तेव्हा तर ताठ चालत होतास.

श्यामला : ताठ कसले! वाकताच येत नव्हतं.

चिंतामण : हसा, दोघंही हसा. रजेचं काय झालं ते सांग आधी.

निसार : मंजूर झाली. साहेबांनी विचारलं, कारण काय? मी म्हटलं, हुजूर, तब्येत सुधारतोय, म्हणून आजारी आहे.

श्यामला : बरं सांगितलंत. पण मला खरं काय ते सांगा. हे म्हणतात, कचेरीतली खुर्ची मोडली.

निसार : खुर्ची? वहिनी, खुर्ची शाबूत आहे. दुपारच्या सुट्टीत हे गेले दप्तरखान्यात, मुंबईहून टपालाने मागवलेली व्यायामाची स्प्रिंग घेऊन.

चिंतामण : निसार!

निसार : एक मूठ अडकवली दाराच्या कडीला, दुसरी धरली दोन्ही हातांत, आणि लागले ओढायला. नेमके तेव्हाच साहेब आले आणि बाहेरून दार ढकललं. दार आत आलं, स्प्रिंग ढिली पडली आणि तुमचे यजमान दप्तरांच्या ढिगात उताणे! वरून कंपनी सरकारच्या काळातली धूळ, ती साहेबांच्याही अंगावर.

श्यामला : स्प्रिंग? मला तर फक्त पहाटेचे सूर्यनमस्कार ठाऊक होते.

निसार : आणि संध्याकाळची तालीम?

श्यामला : तालीम!

चिंतामण : तू माझा मित्र आहेस की सरकारी साक्षीदार?

श्यामला : म्हणजे पहाटे सूर्यनमस्कार, दुपारी स्प्रिंग, संध्याकाळी तालीम. आता कळलं, डब्यातले बदाम कुठं जातात ते. आणि मी बिचाऱ्या मांजरीवर आळ घेत होते.

निसार : मांजर बदाम खातं?

श्यामला : कुणावर तरी घ्यायला नको का? नवऱ्यावर कसा घेणार?

चिंतामण : खुराक लागतोच. तालमीतले सगळे खातात. दूध, तूप, बदाम.

श्यामला : ते आधी घाम गाळतात, मग खातात. तुम्ही आधी खाल्लंत, आणि घाम आला तो पायऱ्या चढताना. तालीम म्हणजे बद्रुद्दीन वस्तादांचीच ना? ते काय म्हणाले?

चिंतामण : म्हणाले, आधी थोडे दिवस नुसती माती खणा, अंग मोकळं होऊ द्या. मी म्हटलं, वस्ताद, एवढा वेळ नाही, मला घाई आहे.

निसार : आणि वस्ताद म्हणाले, राव, घाई असेल तर टांगा करा. सगळी तालीम हसली, वहिनी.

चिंतामण : हसू देत. आता मला सांगा, माझं चुकलं काय? इतकी वर्षं खुर्चीत बसलो, त्याची सगळी थकबाकी अंगावर साचली. रंगपंचमी आली जवळ. मार्चअखेर आपण कचेरीत काय करतो? तुंबलेलं सगळं एकदम पुढ्यात घेतो, दिव्याखाली बसतो आणि निकाली काढतो. मी तेच केलं.

निसार : आणि मार्चअखेरीच्या घाईत तू ज्या चुका करतोस, त्या जूनपर्यंत कोण निस्तरतं? मी!

श्यामला : मला एक कळत नाही. मी कळवणची. लग्न होऊन इथं आले, तेव्हा मला वाटलं होतं, नाशिकची माणसं वेडी आहेत. चौकात एवढा मोठा दगडी हौद खणायचा, वर्षभर माती टाकून बुजवून ठेवायचा, आणि रंगपंचमीला उघडून, पळसाच्या फुलांचा रंग उकळून त्यात ओतायचा. आणि मग काय? तर उड्या मारायच्या!

चिंतामण : हौद नाही. रहाड.

श्यामला : रहाड तर रहाड. उडी मारायला काय तयारी लागते? गव्हाचं पोतं ढकललं तरी पडतं आत.

निसार : पडण्याचं काही नाही, वहिनी. प्रश्न वर येण्याचा आहे. पायऱ्या नाहीत आत. काठाचा दगड छातीपर्यंत येतो, आणि तोही ओला. मागच्या वर्षी आठवतंय ना?

श्यामला : विसरेन कशी? चौघांनी धोतर टाकलं आणि ह्यांना बाहेर ओढलं. शेजारची आक्काबाई अजून पाणवठ्यावर विचारते, यंदा दोर आणलात का म्हणून.

चिंतामण : मागच्या वर्षी मी नुसता खेळायला उतरलो होतो, तेव्हा ओढलं तरी चाललं. यंदा पहिली उडी माझी आहे. आबांनी इतकी वर्षं मारली, त्यांच्या आधी आजोबांनी, आता बापाचा मान मुलाकडे आला. मानकऱ्यानं उडी मारायची आणि स्वतःच्या हातांनी वर यायचं. मग बाकीच्यांनी उतरायचं. कुणी हात दिला की मान गेला दुसऱ्या घरात.

श्यामला : म्हणजे वेणीमाधवभावजींकडे.

चिंतामण : काकांचा मुलगा, आपलाच. हेवा नाही मला त्याचा. सडसडीत आहे, तालमीत जातो, एका उडीत आत आणि एका उडीत बाहेर. त्याला मान मिळाला तर मीच पहिला गुलाल लावीन.

निसार : मग एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी?

चिंतामण : काही नाही. जाऊ दे.

श्यामला : जाऊ कसं दे? पाठ मी शेकतेय.

चिंतामण : आबा काठावर बसणार आहेत. दिसत नाही त्यांना आता, पण म्हणाले, मला काठाशी नेऊन बसव, मी ऐकेन. उडीचा आवाज ऐकतील. मग ओल्या दगडावर हात आपटल्याचा आवाज ऐकतील. आणि त्यानंतर चार जण "धरा, धरा" म्हणून ओरडले, तर... तेही ऐकतील. मला ती भीती वाटते. झालं आता समाधान?

श्यामला : हे आधी सांगितलं असतंत तर बदाम मी स्वतः भिजवून दिले असते.

चिंतामण : आता सांगून काय उपयोग? पाठ गेली.

श्यामला : पाठ कुठं जात नाही. वैद्यांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलंय. मग उठायचं. पण आधी काय काय सोडायचं ते ठरवू. ती स्प्रिंग कशासाठी?

चिंतामण : जाहिरातीत मुंबईच्या कुणा प्रोफेसरानं लिहिलं होतं, घरबसल्या पोलादी छाती.

श्यामला : छाती पोलादाची झाली तर पाण्यात बुडाल. स्प्रिंग सुटली. तालीम?

चिंतामण : तालीम चांगली आहे गं.

श्यामला : चांगली आहे, पण जी विशीतली मुलं तिथं लहानपणापासून घुमतायत, त्यांच्या बरोबरीनं तुम्ही पहिल्या दिवशी जोर काढलेत. वस्तादांना सांगा, पावसाळ्यानंतर येतो आणि तुम्ही म्हणाल तितकी माती खणतो. नमस्कार राहू देत, पण श्वास पुरेल एवढेच.

निसार : आणि टांगा बंद! कचेरीत चालत जायचं, चालत यायचं. मी येतो बरोबर. माझाही कमरपट्टा हल्ली शेवटच्या भोकावर आलाय.

श्यामला : हे झालं अंग हलवायचं. पण वर कसं यायचं ते कुठं शिकणार?

निसार : एक मिनिट! चिंतामण, गोदागंगेवरचा तो उंच कट्टा आठवतो? शाळा बुडवून आपण जायचो तो?

चिंतामण : ज्याच्यावरून तुझी टोपी वाहून गेली?

निसार : टोपी गेली ते तुझ्यामुळे! पण त्या कट्ट्यावर आपण पाण्यातून कसे चढायचो? पायऱ्या नव्हत्याच तिथं.

चिंतामण : तळवे टेकायचे... पाण्यात दोन उसळ्या घ्यायच्या, तिसरीला कोपर वर... मग गुडघा. अरे, खरंच की!

निसार : मग? तुला मुंबईच्या प्रोफेसराची काय गरज? पाण्यात चढायचं असेल तर पाण्यातच चढून बघायचं.

श्यामला : रोज सकाळी गंगेवर. जमेल तेवढंच. आज अंगात आलं म्हणून जास्त नाही, आणि उद्या कंटाळा आला म्हणून बुडवायचं नाही.

चिंतामण : आबा पूर्वी रोज जायचे गंगेवर.

श्यामला : दिसेनासं झालं तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही त्यांनी. कितीदा म्हटलं, मी नेते हात धरून. म्हणतात, हात धरून चालायला मी काय तान्हा आहे?

चिंतामण : आमच्या घरात कुणालाच कुणाचा हात घेता येत नाही.

श्यामला : दिसतंय. जरा सरका, दुसरी बाजू राहिली.

चिंतामण : आणि एवढं करूनही नाही जमलं तर?

श्यामला : तर वेणीमाधवभावजींना गुलाल लावायचा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत चालत जायचं. चालणं थोडंच रहाडीसाठी आहे?

(रंगपंचमी, भर दुपार. श्यामला माडीच्या खिडकीत. निसार खाली चौकात, रहाडीच्या काठाशी.)

श्यामला : निसारभावजी! मला इथून नुसत्या टोप्या दिसतायत! काय चाललंय?

निसार : पूजा झाली, वहिनी! नारळ फुटला! चिंतामणनं सदरा काढला!

श्यामला : पोट कसं दिसतंय?

निसार : आहे, वहिनी, आहे! पण मागच्या वर्षीचं नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे!

श्यामला : आबा?

निसार : काठावर पाटावर बसलेत. मान एका बाजूला कलती करून. सगळ्यांना गप्प बसायला सांगितलंय त्यांनी.

श्यामला : आणि सगळे गप्प बसले?

निसार : आबांसमोर कोण बोलतो? सरका रे, सरका... मारली! वहिनी, मारली उडी!

श्यामला : कळलं! माझ्या खिडकीपर्यंत आला रंग! वर आले का?

निसार : डोकं वर आलं. डोळे पुसतोय. काठाकडे येतोय... तळवे टेकले. एक उसळी... दुसरी... कोपर आलं वर... अरे!

श्यामला : काय झालं? निसारभावजी, काय झालं?

निसार : हात निसटला. परत आत गेला.

श्यामला : कुणी हात दिला का? खरं सांगा!

निसार : नाही! वेणीमाधव काठावर आडवा उभा राहिलाय, स्वतःचे हात पाठीमागे बांधून. कुणाला पुढे येऊ देत नाही. म्हणतोय, दादा, दम घ्या, आम्ही सगळे थांबलोय.

श्यामला : आणि हे?

निसार : दम कुठला घेतोय! लगेच धडपडतोय पुन्हा. दगडावर हात आपटतोय नुसता. चेहरा लालबुंद... आता रंगानं की कशानं, ते देव जाणे.

श्यामला : थांबा. अहो! ऐकलंत का? अहो! ही मार्चअखेर नाही! सावकाश!

निसार : वहिनी, सगळी आळी वर बघतेय तुमच्याकडे!

श्यामला : बघू दे! तुम्ही खाली बघा!

निसार : हसला. वहिनी, तो हसला! थांबलाय. श्वास घेतोय. तळवे टेकले... एक... दोन... कोपर! दुसरं कोपर! ये, ये, माझ्या राजा... गुडघा! गुडघा आला वर!

श्यामला : आणि?

निसार : उभा आहे! काठावर उभा आहे, वहिनी! स्वतःच्या पायांवर! वहिनी? ऐकू आलं का? खिडकीत आहात ना?

श्यामला : आहे. डोळ्यात रंग गेलाय.

निसार : वेणीमाधवनं मिठी मारली त्याला, आणि दोघंही परत पडले आत! आता सगळेच पडतायत! अरे, मला नको, मला नको, माझा नवा सदरा... बुडालो!

श्यामला : बरं झालं! जा, खेळा!

चिंतामण : (थोड्या वेळाने) श्यामला! अगं, इकडे, खिडकीखाली!

श्यामला : ओळखूच आला नाहीत. केशरी दिसताय नखशिखांत. किती वेळाने आलात? निसारभावजी कुठंयत?

चिंतामण : रहाडीत. त्याला वर काढायला चार जण लागतील.

श्यामला : पाठ कशी आहे?

चिंतामण : जागेवर आहे. तू अशी ओरडलीस भर चौकात!

श्यामला : ओरडले. पुन्हा ओरडेन. आबा काय म्हणाले?

चिंतामण : पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, पहिल्यांदा निसटलास, ते ऐकलं मी. दुसऱ्यांदा बरा आलास.

श्यामला : बस, एवढंच?

चिंतामण : आबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मग विचारलं, उद्या सकाळी गंगेवर जाणार की आता झालं सगळं?

श्यामला : तुम्ही काय म्हणालात?

चिंतामण : म्हटलं, जाणार की. रोजच जातो. तर म्हणाले, मग मलाही उठव.

श्यामला : आबांना? गंगेवर? थांबा, त्यांची काठी माळ्यावर टाकलीय, आत्ताच काढून पुसून ठेवते.

चिंतामण : काठी नको म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून येणार आहेत.