फानियासच्या हातातला भाला

अथेन्सच्या कुंभारआळीत तेइसियास चिताऱ्याच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे पाव भाजणाऱ्या फानियासची विधवा होती. नवऱ्याच्या कबरीवर ठेवायची तेलाची कुपी न्यायला ती आली होती.

“हा कोण रे?” कुपीवरच्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारलं.

“तुमचे यजमान, बाई.”

“अगं बाई! मेल्यावर बरेच बारीक झाले. आणि हातात हा भाला कसला?”

“शूर दिसावेत म्हणून. सगळ्यांनाच देतो.”

“कोंबडा अंगावर आला तर माझ्यामागे लपायचा तो.”

“काम तर बघा. आमचे आजोबा लाल मातीवर काळी माणसं काढायचे, वडील काळ्यावर लाल. मी पांढऱ्यावर खरे रंग भरतो!”

“म्हणजे तीन पिढ्यांत रंग तेवढे बदलले, थापा त्याच. आणि एवढ्या मोठ्या कुपीत तेल घोटभरच मावतं?”

“आत छोटी वाटी बसवलीय. तेल वाचतं.”

“वा! मेलेला माणूस थोडाच आत डोकावून बघणार? तो भाला पूस आधी. पिठाची परात दे त्याच्या हातात.”

“लोक हसतील, बाई.”

“हसू देत. भट्टीपाशी उभा राहून जन्मभर लोकांना हसवलंच त्याने. आता आमच्या घरात कोणी हसत नाही.”

तेइसियासने ओल्या फडक्याने भाला पुसला.

“कान कसे होते त्यांचे?”

“मोठे. डावा जरा जास्तच.”