पडून असलेली रोकड

दातांच्या दवाखान्यात शिंपी सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटी बँकेत शाखाधिकारी होती.

"ताई, तो हॉटेलवाला कर्जासाठी आधी माझ्याकडेच आला होता. कागद बघून मी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पलीकडच्या शाखेतल्या महाशयांनी पायघड्या घातल्या."

"आणि नफा?"

"त्यांचाच जास्त! वर्षभर व्याज आलं ना. त्यांच्या भिंतीवर ढाल, माझ्या भिंतीवर पाल."

"जळतेस."

"जळणारच! मग हॉटेल बसलं, हप्ते थांबले. बातमी फुटली नि ठेवीदार त्यांच्या दारात. तिजोरीत खडखडाट, सगळं कर्जात वाटलेलं."

"मग?"

"मला फोन. रोकड पाठवा म्हणे. मी पेट्या भरून पाठवल्या. संध्याकाळपर्यंत मागेल त्याला पैसे मिळाले."

"म्हणजे तूच वाचवलंस की! वरचे काय म्हणाले?"

"काल पत्र आलं. गर्दी शांतपणे हाताळली म्हणून त्यांचं अभिनंदन."

शिंपी गाल विसरून थोडा जवळ सरकला.

"आणि तुला?"

"मलाही आलंय ना. एवढी रोकड शाखेत नुसती पडून का होती, तीन दिवसांत खुलासा करा."